दोन्ही हात सारखे

तलावामागच्या खोलीत मी पोहणाऱ्यांचं बळ मोजते. बाकावर पालथं पडायचं, मनगटाला पट्टा बांधून घ्यायचा आणि पाणी मागे सारतात तसा हात जीव खाऊन ओढायचा. पट्ट्याला जोडलेलं यंत्र आकडा दाखवतं. डाव्याने तीनदा, उजव्याने तीनदा. दोन हातांत दहा टक्क्यांहून जास्त फरक निघाला की स्पर्धेला सुट्टी, हा आमच्या सरांचा नियम. सर माणूस बरा, पण बरोबरीचं त्यांना वेडच आहे. भिंतीवरचं घड्याळ जरा तिरकं दिसलं तरी ते स्टुलावर चढतात.

तीनदा का, हे मी पोरांना सांगत नाही. खरोखर जीव काढून ओढलं की तिन्ही आकडे एकमेकांना चिकटून येतात. राखून ओढलं की विस्कटतात. सगळा जोर लावणं सोपं असतं, पण चोरायचा म्हटला तर दर वेळी तेवढाच चोरता येत नाही.

माझी भाची, दादाची मुलगी, या तलावातली सगळ्यात वेगवान पोर. दादा तिला मासोळी म्हणतो. माशाच्या पिलाला पोहायला शिकवावं लागत नाही, असं तो भेटेल त्याला ऐकवायचा, कारण एके काळी तोही पोहायचा. मग त्याचा डावा खांदा दुबळा झाला, पातं कातडीखालून वर आलं. आखडला असेल म्हणून आम्ही तेल चोळत बसलो. पुढे उजवाही गेला, तेव्हा कळलं की हा स्नायूंचा आजार आहे, त्याला औषध नाही, आणि तो पोरीत उतरेल किंवा उतरणार नाही. छापा की काटा, आपल्या हातात काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. आता दादा चाकाच्या खुर्चीत असतो आणि वहिनी त्याला चहा पाजते.

रक्त तपासून घे, असं मी मासोळीच्या किती मागे लागले.

"कळून काय करू, आत्या? औषध आहे का?"

तिचं बरोबर होतं, आणि समोरच्याचं बरोबर असलं की मी चिडते. तिच्यावर चिडले, वहिनीवर चिडले, तलावाच्या रखवालदारावरसुद्धा विनाकारण चिडले.

मोठ्या स्पर्धेच्या निवडीआधी ती माझ्या बाकावर पालथी पडली. डाव्या खांद्याचं पातं कातडीखालून वर आलेलं दिसलं. डाव्याचे तिन्ही आकडे एकमेकांना चिकटून आले, पण मागच्या वेळेपेक्षा बरेच खाली. मग उजवा. एक आकडा वर, एक खाली, एक मधेच कुठेतरी. सरासरी काढली तर अगदी डाव्याएवढी.

"वा! तराजूत घालून बघावं अशी पोर," म्हणत सर खूश होऊन तलावाकडे गेले.

मी दार लावून घेतलं. "उजव्याने परत ओढ."

"झालं ना आता."

"माझ्याच डोळ्यांत धूळ फेकतेस? मी इथे काय माश्या मारत बसते?"

रागाच्या भरात तिने असं ओढलं की बाक करकरला. आकडा डाव्यापेक्षा कितीतरी वर गेला. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो.

"चोरटी," मी म्हटलं.

"चोरी कसली? माझंच बळ, मीच मागे ठेवलं." ती हसली, आणि लगेच तिचा चेहरा उतरला. "बाबांना सांगू नकोस."

बाबांना नाही, पण सरांना सांगितलं. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, मी तर मासोळीशीच केलं. तिची निवड हुकली. कित्येक दिवस ती माझ्याशी बोलली नाही. घरी गेले की उठून आत जायची. मला वाईट वाटायचं, पण तसल्या खांद्याने तिला पाण्यात ढकलणारी आत्या मला व्हायचं नव्हतं.

खांद्याचा डॉक्टर म्हणाला, पोहून पोहून ताण बसला तरी असं होतं. विश्रांती घ्या, व्यायाम करा, साधी दुखापत असली तर डावा हात वर येईल. त्या 'साध्या दुखापती'ला आम्ही सगळेच लोंबकळलो. वहिनीने तर मला मिठी मारली, जी आमच्यात सहसा होत नाही.

एके दिवशी दादाने विचारलं, "डावाच का गं?"

"डाव्या कुशीवर झोपते ना ती," मी ठोकून दिलं.

दादाने मान डोलावली. माझं खोटं त्याला लहानपणापासून ओळखता येतं. पण त्या दिवशी त्यालाही ते हवंच होतं.

मासोळीने व्यायाम एकदाही चुकवला नाही. दाराच्या कडीला रबरी पट्टा अडकवून सकाळ-संध्याकाळ ओढत राहायची. कडी निखळली तेव्हा वहिनीने न कुरकुरता नवी लावून घेतली. हळूहळू पोर माझ्याशी बोलायलाही लागली. पुन्हा मोजायचा दिवस आला तेव्हा दादा हट्टाने सोबत आला. त्याची खुर्ची आम्ही तलावाच्या काठाशी, सावलीत ठेवली.

आत सर माझ्या शेजारी उभे होते. मी तिच्या पाठीकडे बघायचं टाळलं आणि पट्टा बांधला. डाव्याचे तिन्ही आकडे चिकटून आले, मागच्या वेळेएवढेच. डावा वर आला नव्हता, पण घसरलाही नव्हता. तेवढ्यानेही मला धीर आला. मग उजव्याने ओढलं. आकडा डाव्याएवढाच.

"बरोबरी!" सरांनी टाळी वाजवली. त्यांना फक्त फरक दिसतो.

मला राग आला, आणि खरं सांगायचं तर रागापेक्षा आनंद जास्त झाला. कार्टी पुन्हा चोरतेय!

"चोरू नकोस," मी ओरडले. "जीव काढून ओढ."

तिने ओढलं. मानेच्या शिरा तटतटल्या, पायांची बोटं बाकात रुतली. आकडा तोच. तिसऱ्यांदा ओढलं. तोच.

देवा, पोरगी खोटारडी निघू दे. लुच्ची निघू दे, मला फसवू दे, मी तिला जन्मभर काही बोलणार नाही.

"अजून एकदा."

चौथ्यांदाही तोच.

"आत्या," बाकात तोंड खुपसून ती म्हणाली, "आज मी काही मागे ठेवलेलं नाही."

"मग पुढच्या स्पर्धेला नाव देऊन टाकू ना?" सर म्हणाले. "नियमात बसतंय."

मी पट्टा सोडला. आता बघावंच लागलं. दोन्ही खांद्यांची पाती वर आली होती.

बाहेर आलो तर दादा आमच्याच वाटेकडे डोळे लावून बसला होता.

"किती फरक?"

"काहीच नाही, बाबा," मासोळी म्हणाली.

दादाचे गाल आता हसताना हलत नाहीत, पण डोळे हसले. "बघ, मी म्हणत नव्हतो? डावा वर आला!"

मासोळीने माझ्याकडे बघितलं. मी खुर्चीचा ब्रेक सोडायला खाली वाकले, आणि तो हाताला लागूनही बराच वेळ वाकूनच राहिले.