छातीचा फोटो

रुखमाबाईनं सुनेच्या हातातला फोन हिसकूनच घेतला.

"मी त्याची माय बोलतो. काय विचाराचं ते मले विचारा."

फोन मस्कतच्या दवाखान्यातून होता, कंपनीच्या माणसाचा. कंपनी बाहेरदेशच्या मजुरांचा नवा विमा काढत होती. विम्यात नाव चढल्याशिवाय व्हिसा वाढत नव्हता, आणि नेमका आताच तिचा लखीराम रक्त ओकून खाटेवर पडला होता.

"माँजी, लखीराम को पहले कभी छाती की बीमारी थी?"

सून संगीतानं पदर तोंडात धरला. धाकटा लेक विनोद उंबऱ्यावरून उठला. होती, हे तिघांनाही ठाऊक होतं. व्हिसाच्या तपासणीत लखीरामच्या नावानं छातीचा फोटो, एक्स-रे, या विनोदनंच स्वतःचा काढून दिला होता. भाऊ भावाच्या जागी उभा राहिला, यात तांड्यात कोणाला वावगं वाटलं नव्हतं. पण आता 'होती' म्हटलं की विमा नाही, व्हिसा नाही. तसाच रक्त ओकत माणूस विमानात घालून परत.

"छाती?" रुखमाबाई म्हणाली. "साहेब, यानं तांड्यातून हाक मारली का मंगरूळपीरच्या बाजारातले बैल माना वळवत! पुरात म्हैस वाहून चालली होती, त शेपटी दातात धरून काठाले आनली पोट्ट्यानं. याले काई नाही, म्हशीलेच धाप लागली!"

तिकडून हसू फुटलं. अख्खा तांडा तिच्या थापा ऐकत वाढला होता, पण थापेवर कोणाचा जीव टांगायची ही पहिलीच वेळ.

"ठीक है. टीबी है, पहली बार की लिखता हूँ. इलाज यहीं होगा. पहली बार वाली गोलियाँ आज से चालू."

फोन बंद झाला. संगीता रडता रडता हसली.

"बचला!" विनोद आईला म्हणाला. "याडी, तुले त इनाम द्याले पाह्यजे."

रुखमाबाई त्याच्याकडं वळली.

"पहिल्या बारच्या गोळ्या म्हंजे त्या साध्याच ना रे?"

"हो. काहून?"

"त्या लागू पडतच नाहीत त्याले. खाऊन खाऊन काडी झालता. दवा बदलली, इंजेक्शनं देल्ली, तवा उठला."

विनोदचा चेहरा उतरला. "नको याडी. त्याचा व्हिसा जाईन. अन् माझं नाव निघालं त मलेही कोनी बाहेर जाऊ देनार नाही."

रुखमाबाईनं फोन त्याच्यापुढं धरला. त्यानं हात मागं घेतला. संगीतानं फोन लावून सासूच्या हातात दिला.

"साहेब, म्या खोटं सांगतलं. त्याले टीबी होती. साध्या गोळ्यांनी गेली नाही. तो फोटो त्याच्या भावाचा हाय."

"माँजी," तो हसायला लागला, "अब कौन सी भैंस?"

रुखमाबाईनं फोन दोन्ही हातांनी धरला.

"त्या इंजेक्शनांनी त्याचा उजवा कान गेला, साहेब. कोनाले सांगतलं नाही त्यानं. उजव्या बाजूनं हळूच हाक मारून पाहा. ओ नाही देनार."

हसणं थांबलं. फोन चालूच होता. बुटांचा आवाज आला, दार वाजलं. मग दबक्या आवाजात हाक ऐकू आली.

"लखीराम..."

थोड्या वेळानं पुन्हा.

विनोद बाहेर निघून गेला. लेकानं ओ देऊ नये म्हणून रुखमाबाई श्वास रोखून बसली.