कळीचं खरं वय

प्रयोगशाळेत सगळे त्यांना आत्या म्हणत. फार वर्षांपूर्वी त्यांचा सख्खा भाचा इथे शिकायला होता. तो शिकून गेला, नाव मागे राहिलं, आणि आता खुद्द प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सरही त्याच नावाने हाक मारत. आत्यांचं काम मेणात बसवलेल्या कळ्यांचे काप काढण्याचं. काप केसाहून पातळ आणि एकाला एक चिकटून पट्टी व्हावी असे. सव्वीस वर्षांत आपल्या हातून पट्टी तुटलेली नाही, असं त्या ठणकावून सांगत. तुटली होती दोनदा, पण त्या ते धरत नसत.

त्यांचा दुसरा अभिमान भिंतीवर टांगलेला होता, कळ्यांच्या मापांचा तक्ता. अमुक लांबीची कळी म्हणजे तिच्या अंडाशयात बीजांडांचे उंचवटे नुकते उठलेत, तमुक लांबीची म्हणजे त्यांच्यावर आवरण चढू लागलंय. बीजांडं म्हणजे पुढे होणाऱ्या बिया, तेव्हा ती केव्हा मोजायची याला फार महत्त्व. तक्ता आत्यांनी स्वतः तीन वर्षं खपून केला होता आणि सगळी प्रयोगशाळा त्याच्यावर डोळे मिटून चाले.

बुधवारी सकाळी धाकटी त्यांच्या टेबलापाशी आली. सगळ्या संशोधकांत वयाने लहान म्हणून ती धाकटी. चेहरा पार उतरलेला.

"आत्या, शुक्रवारी सर माझा विषय बंद करणार."

"असे कसे बंद करतील? नीट सांग बघू."

धाकटीने सांगितलं. तिच्या मोहरीच्या जातीच्या इवल्याशा रोपात एक जनुक आहे. ते बिघडवलं की पन्नासाच्या जागी तीसच बीजांडं येतात. तिचं म्हणणं, हे जनुक सायटोकायनिन नावाच्या संप्रेरकाकरवी काम करतं. म्हणजे बिघडलेल्या रोपाला ते संप्रेरक वरून फवारलं, तर बीजांडं परत वाढायला हवीत.

"आणि आली किती?"

"सव्वीस! होती त्याहून कमी. सर म्हणाले, औषध दिलं आणि आजार वाढला, तीन वर्षं पाण्यात."

"कळ्या कशा निवडल्यास?"

"तुमच्या तक्त्याने. सगळ्या एका मापाच्या."

मग चूक तक्त्याची असूच शकत नाही, असं आत्यांच्या मनाने लगेच बजावलं. तरी त्यांनी फवारलेल्या आणि न फवारलेल्या, दोन्ही कळ्यांच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या. न फवारलेल्या कळीत बीजांडांवर आवरण चढू लागलं होतं. फवारलेल्या कळीत नुसते उंचवटे, आणि मधल्या जागा अजून रिकाम्या. तिथली बीजांडं यायचीच होती.

आत्यांनी दोन्ही काचपट्ट्या पुन्हा आलटून पालटून पाहिल्या. संप्रेरकाने फवारलेली कळी अंगाने थोराड झाली होती, वयाने नाही. शाळेत उंचीवरून वर्ग ठरवावेत तसा प्रकार झाला होता. माप बरोबर, वय चूक, आणि माप त्यांचं!

गप्प बसल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता. तक्त्यावर संशय घ्यायची कुणाची छाती नव्हती. पण समोर धाकटी नाक पुसत उभी होती. आत्यांना स्वतःचाच राग आला आणि तो नेहमीप्रमाणे दुसऱ्यावर निघाला.

"रडतेस काय? चूक माझ्या तक्त्याची आहे. त्याच दांड्यांवरच्या खालच्या, मोठ्या कळ्या मेणात आहेत ना? आण सगळ्या. आता लांबी बघायची नाही. आवरण चढायला लागलंय का, तेवढंच बघायचं."

बुधवार आणि गुरुवार आत्यांनी मान वर केली नाही. त्या काप काढत, धाकटी मोजे. पट्टी एकदाही तुटली नाही, आणि हे मात्र अगदी खरं. गुरुवारी दुपारी धाकटी मोजता मोजता थांबली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं आणि ओरडली, "सत्तेचाळीस!" पुढच्या कळीत एकोणपन्नास. त्याच्या पुढचीत पुन्हा सत्तेचाळीस. आत्यांनी तिला जवळ घेतलं. अभिमानाने त्यांचा ऊर भरून आला होता आणि तो लपवायचं त्यांना काही कारण दिसेना.

शुक्रवारच्या बैठकीत सरांनी आकडे दोनदा तपासले. मग म्हणाले, "विषय चालू ठेव. पण कळ्यांची ही गोम शोधून काढली कुणी?"

"आत्यांनी," धाकटी म्हणाली. "त्यांनाच विचारा."

सव्वीस वर्षांत आत्या त्या बैठकीत कधी बोलल्या नव्हत्या, चहा पिऊन उठत. आज त्या फळ्यापाशी गेल्या. "माझा तक्ता साध्या रोपांना चालतो, संप्रेरक दिलेल्यांना चालत नाही. हे मला आधीच दिसायला हवं होतं," असं त्यांनी खणखणीत आवाजात सांगून टाकलं आणि फळ्यावर कळीचं चित्र काढून कापागणिक समजवायला लागल्या. सरांनी वही उघडली. खाली मान घालून ते भराभर लिहीत होते, तरी मागे पडले.

"आत्या, जरा सावकाश."

"सांगते की," आत्या म्हणाल्या. "मला समजायला सव्वीस वर्षं लागली. तुम्हाला पाच मिनिटं तरी लागणारच."