पंचावन्न अंश

कोनमापकाची एक पट्टी दंडाच्या रेषेत होती, दुसरी बरगड्यांच्या. मधल्या चकतीवर आकडा दिसत होता पंचावन्न. फिजिओथेरपिस्ट बाईंनी खाली वाकून पुन्हा पाहिले. गेल्या आठवड्यातही पंचावन्नच होता, आणि त्याच्या आधीच्या दहा आठवड्यांत त्यात एका अंशाचाही फरक पडला नव्हता.

"चोरालासुद्धा एवढ्या वेळा हात वर करायला लावत नाहीत," सलूनवाले काका म्हणाले. कपाळावर घाम होता, पण सवयीने त्यांनी विनोद केला.

बाईंनी त्यांच्या कोपराखाली तळवा धरला आणि हात सावकाश उचलला. सांधा आता मोकळा होता. त्यांच्या आधाराने हात सहज एकशे दहापर्यंत गेला, आणि तोच आकडा त्यांनी कार्डावर लिहिला. आधार काढला तर तो ओल्या टॉवेलसारखा खाली आला असता. स्टुलावरून पडून खांदा मोडला, त्याला नऊ महिने झाले होते. हाड जुळले, पण दंड उचलणाऱ्या स्नायूची नस काही पुन्हा जागी झाली नाही. कात्री धरून गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे उभे राहायचे, तर हात आपल्या बळावर वर राहायला हवा. खुर्ची खाली करूनही काकांनी पाहिले होते. हात थरथरायचा.

कार्डावर दोन रकाने होते. एक रुग्णाने स्वतः उचललेल्या हाताचा, दुसरा थेरपिस्टने उचललेल्या हाताचा. तीन महिन्यांपूर्वी काका म्हणाले होते, माझा रकाना कोराच ठेवा, तुमच्या हातचा आकडा लिहा, तेवढीच उभारी येते. बाईंनी मान डोलावली. एखादा आठवडा म्हणून सुरू झालेले ते आजवर चालले. आकडा वाढत राहिला आणि बाईंचे मन त्यांना खात राहिले.

पडद्यामागून काकांची मुलगी आली. नऊ महिने सलून तीच चालवत होती. बाह्यांवर बारीक केस चिकटलेले होते. दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेने तिला नोकरी देऊ केली होती. बाबांचा हात चालू झाला की येते, असे सांगून तिने दोनदा मुदत मागून घेतली होती. तिने कार्ड उचलले.

"एकशे दहा. गेल्या वेळी एकशे चार होते ना?" ती म्हणाली. मग तिने बाईंना विचारले, आज पाचच्या आत तिकडे कळवायचे आहे, अजून महिनाभर मागून घेतला तर पुरेल का?

काका भिंतीवरच्या व्यायामाच्या कप्पीकडे पाहू लागले. त्यांचा डावा हात उजव्या दंडावर गेला आणि तिथेच राहिला. उभारी कुणासाठी हवी होती, ते बाईंना तेव्हा कळले. आकडा वाढतोय तोवर पोरगी घरात होती.

बाईंनी कार्ड तिच्या हातून घेतले आणि तिच्यासमोरच कोऱ्या रकान्यात पंचावन्न लिहिले.

"एकशे दहा माझ्या हाताचे आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांचे एवढेच. तीन महिन्यांपासून एवढेच. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. यापुढे हात वर येईल असं मला वाटत नाही."

मुलगी बाह्यांवरचे केस एकेक करून काढत राहिली. शेजारच्या कॉटवर कुणाच्या तरी गुडघ्याला शेक देणारे यंत्र वाजून बंद पडले.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

काका शर्टाचे बटण डाव्या हाताने लावत होते. ते काजात जात नव्हते. मुलगी मदतीला पुढे झाली, तसे त्यांनी मान हलवून तिला थांबवले. बराच वेळ लागला. बटण लागल्यावर ते कॉटवरून उतरले.

"फोन लाव त्यांना, सोमवारी येते म्हणून सांग," ते म्हणाले. "सलून बंद करतोय मी."