न कोमेजणारी बाग

"उचलू नका," संपादक म्हणाले. "चार दिवसांत आपोआप थंड होईल सगळं."

फोन वाजतच राहिला. सकाळपासूनचा हा सातवा. मासिकातलं खेळांच्या युक्त्यांचं पान सांभाळणाऱ्या ताई फोनकडे बघत राहिल्या.

एकाच गेमिंग यंत्राला वाहिलेलं हे मासिक बारा वर्षं चालत आलं होतं. ऐन भरात इथे नऊ माणसं कोपराला कोपर लावून बसायची आणि खेळताना भांडायची. कंपनीने यंत्र बनवणं थांबवलं, तशी एकेक खुर्ची रिकामी झाली. उरले हे दोघं आणि एक म्हातारं यंत्र. बंद केलं तर ते पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती, म्हणून महिनाभर ते चालूच ठेवलं होतं.

तिथेच ताईंनी माती खाल्ली. छापण्याआधी प्रत्येक युक्ती यंत्र बंद-चालू करून तपासायची, हा त्यांचाच नियम. बागेच्या खेळातली झाडं कधीच कोमेजू नयेत, अशी युक्ती एका वाचकाने पाठवली. त्यांनी करून पाहिली. झाडं टवटवीत राहिली. पण यंत्र बंद करायला हात धजावला नाही. अंक घरोघरी गेला, वाचकांचे फोन येऊ लागले आणि मग कळलं, ही युक्ती करून यंत्र बंद केलं की साठवलेली अख्खी बाग पुसली जाते.

फोन आठव्यांदा वाजला. ताईंना राहवेना. त्यांनी उचलला.

"ताई, तुमचा जुना वाचक बोलतोय. म्हणजे वाचायची आमची ही. खेळायचीही तीच. मी आपला शेजारी बसून बाग बघायचो." आवाज थकलेला होता. "ती गेली आणि झाडं सुकायला लागली हो. म्हणून तुमची युक्ती केली. आता काहीच दिसत नाही. माझंच बोट चुकलं असणार. कसं परत आणायचं?"

संपादकांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली. कबूल केलं तर पुढचा अंक निघणार नाही, हे त्यांनी सकाळीच बजावलं होतं. 'हो, तुमचंच चुकलं' एवढं म्हटलं की सुटका होती. ताईंनी संपादकांकडे पाठ फिरवली.

"तुमचं नाही चुकलं, काका. माझं चुकलं. मी नीट तपासलंच नाही. ती बाग आता परत नाही येणार."

काकांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ताईंना वाटलं.

"काका? आहात ना?"

"आहे." मग ते म्हणाले, "नवी लावता येते का? मला काहीच येत नाही त्यातलं."

"येते. मी सांगते एकेक."

"थांबा हं," ते म्हणाले. "चष्मा शोधतो."