उतारावरचा गिअर

कराडजवळच्या मलकापुरातलं आकारामचं गॅरेज अमावस्येला बंद असतं, हे पार आटपाडीपर्यंतच्या गाडीवाल्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी तो सगळी हत्यारं पुसून ओळीनं मांडायचा, प्रत्येकापुढं लिंबू ठेवायचा आणि साधा पानासुद्धा उचलायचा नाही. बापानं घालून दिलेला नेम. अलीकडं घेतलेला लॅपटॉपही त्या ओळीत बसायचा, त्यालाही एक लिंबू. लोक हसायचे. आकाराम म्हणायचा, हसा की, तुमच्या बापाचं काय जातंय.

आज अमावस्याच होती, आणि तरी नाथाजीची पिकअप दारात येऊन उभी राहिली. ठोकून सरळ केलेलं नाक, त्यावर नवा रंग. आठ महिने त्यानं ही गाडी डोळ्यांसमोर येऊ दिली नव्हती. दुरुस्तीलाही दुसरीकडं पाठवली होती.

गाडी चालवत होती नाथाजीची सून दीपमाला. शेजारी नाथाजी. आधी ही गाडी चालवायचा तो वीरधवल, नाथाजीचा एकुलता एक मुलगा, आठ महिन्यांपूर्वी याच गाडीत सुर्लीच्या घाटात गेला.

"आकाराम," नाथाजी खाली उतरत म्हणाला, "गाडीचा गिअर पयल्यासारखा करून दे. आता घाटावरनं डाळिंबं घिऊन ही पोर येनार कराडला. तेवढं कर, मग मी तुला काय मागनार न्हाई."

गिअरचं प्रकरण असं होतं. नाथाजीनं उभा जन्म माणसं भरून न्यायची वडापची जीप हाकली. घाट उतरताना न्यूट्रल करायचं आणि गाडी गपगुमान खाली सोडायची, ही त्याची रीत. पोरानं घेतली ऑटोमॅटिक पिकअप. तिला क्लच नाही, गिअर आपले आपण बदलतात. उतार लागला की ती स्वतःच खालचा गिअर धरायची, इंजिन गाडीला मागं ओढायचं आणि त्यात मोठ्यानं ओरडायचं. त्यानं ब्रेकवरचा भार हलका व्हायचा. पण नाथाजीच्या कानाला ते सोसायचं नाही. "गाडी रडतीया रं," म्हणायचा, "मुक्या जनावराला मारल्यावानी वाटतं." शेवटी एके दिवशी त्यानं आकारामला लॅपटॉप जोडायला लावून ते खालचा गिअर धरणंच बंद करवलं. हे बरं नव्हे, हे आकारामला पक्कं कळत होतं. पण चाळीस वर्षं जुन्या दोस्ताला नाही म्हणायला जीभ रेटेना. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही.

"आरं, पर आज अमावस्या न्हवं?" ओळीनं मांडलेली लिंबं पाहून नाथाजी चपापला. "माझ्या ध्यानातच आलं न्हाई. ऱ्हाऊ दे, उद्या येतो."

उद्या येतो. आकाराम मटकन स्टुलावर बसला.

"उद्या नगं," तो म्हणाला. त्यानं लॅपटॉपवरचं लिंबू उचलून बाजूला ठेवलं. गाडीत वाकून त्यानं वायर जोडली, एकेक पान उघडत गेला आणि बंद केलेली ती गोष्ट परत चालू केली. पाच मिनिटांचं काम. पाच मिनिटांचंच होतं ते तेव्हाही.

"नाथा, वीरधवल आला हुता माझ्याकडं." त्यानं मान वर केली नाही. "जायच्या आदल्या दिशी. माल उतरून परत जाताना. म्हनला, काका, उतारावर गाडी हातात ऱ्हात न्हाई, गिअर हुता तसा करून द्या. मी म्हनलं, आज अमावस्या हाय. उद्या ये. तवर ब्रेकवर सांभाळून ये."

ब्रेकवर सांभाळून ये. भरल्या गाडीला आख्खा घाट ब्रेकवर उतरवायला त्यानंच सांगितलं होतं, आणि पोरानं ते ऐकलं होतं. ब्रेक तापले आणि निम्म्या घाटात लागेनासे झाले.

आकाराम शिवीची वाट बघत होता. एक थोबाडीत बसली असती तरी बरं वाटलं असतं.

"मला वाटत हुतं, गिअरचं बंद केल्यालं त्याला कळलंच नसंल," नाथाजी अखेर म्हणाला. "त्याला कळलं हुतं, आन मला बोलला न्हाई. मी त्याला गप बसवलं असतं, म्हनून तुझ्याकडं आला."

"आबा," दीपमाला गाडीतूनच म्हणाली, "मला ठावं हुतं. काका उद्या ये म्हनलेत, असं त्यांनी घरी येऊन सांगितलं हुतं."

नाथाजी तिच्याकडं वळला.

"मग आठ म्हयनं बोलली का न्हाईस, पोरी?"

"आवं, काय बोलायचं?" तिचे डोळे भरून आले. "ते गेल्यापास्नं तुमी एका काकांच्याच फोनवर दोन शब्द बोलता. त्ये बी तोडू?"

आकारामला रडू आवरेना. ज्या पोरीचा संसार त्यानं बुडवला, तिनंच त्याची दोस्ती राखली होती.

काम झालं तरी घाटात नेऊन बघितल्याशिवाय गाडी द्यायची नाही, हाही बापाचाच नेम. तिघं निघाले. दीपमालानं गाडी सुर्लीचा घाट चढवून वर वळवली आणि उताराला लावली. पहिलं वळण आलं, गाडीनं खालचा गिअर धरला आणि इंजिन ओरडायला लागलं. दीपमालानं घाबरून सासऱ्याकडं पाहिलं. या आवाजाचं घरात कुणी नावही काढत नसे.

नाथाजीनं दोन्ही हात उचलले. आकारामला वाटलं, आता कान झाकणार. पण त्यानं ते पुढच्या काचेखाली टेकवले, गाईच्या पाठीवर ठेवावेत तसे. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"रडू दे तिला," तो म्हणाला. "तू ब्रेकवरचा पाय काढ, पोरी."

तिनं पाय काढला. गाडी रडत रडत, सावकाश, घाट उतरत राहिली.