एका घंटीवर दोघं

अरे थांब, बस आधी, आत्ता काय झालं ते ऐक. मी मोडेम बोलतोय. हो, तोच, कॉम्प्युटरच्या पोटात बसून फोन लावताना किंचाळणारा. लोकांना वाटतं, हा उगाच बोंबलतो. अरे, पलीकडच्या मोडेमची उलटतपासणी चालू असते माझी. कोण तू, कुठून बोलतोस, किती भरभर बोलतोस. खात्री पटल्याशिवाय मी कुणाशी एक शब्द बोलत नाही. जन्मापासून असाच आहे मी, संशयी.

जन्म कारखान्यातला. तपासणाऱ्या बाईंनी एकदा शिट्टी मारायला लावली, "पास" म्हणाल्या आणि खोक्यात घातलं. पहिली नोकरी एका ट्रॅव्हल ऑफिसात. तिथे मी अर्ध्या वाक्यात गप्प व्हायचो. रोज. मॅनेजर म्हणाला, "हा मोडेम भित्रा आहे," आणि टाकला मला ड्रॉवरमध्ये, रबरबँड आणि वाळलेल्या पेनांच्या सोबतीला. तिथून जुन्या मालाच्या दुकानात. दुकानदाराने माझ्या पाठीवरच्या इवल्याशा प्लास्टिकच्या टोपीवर बोट ठेवलं आणि विकत घेणाऱ्या बाईला म्हणाला, "ही हलवू नका. बाकी नुसतं खोचा." का हलवायची नाही? माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

ती बाई म्हणजे सूनबाई. तिचे सासरे, म्हणजे बाबा, तिला अशीच हाक मारतात, म्हणून मीपण. ती घरी बसून औषधांच्या माहितीची भाषांतरं करते आणि माझ्यामार्फत पाठवते. नवरा फिरतीवर. घरात ही दोघंच. बाबा रिटायर्ड टेलिफोन ऑपरेटर. एक्सचेंजमध्ये जन्म काढला, गावातली अर्धी लग्नं जुळताना आणि उरलेली मोडताना ऐकलीत, असं स्वतःच सांगतात. आणि आता गंमत बघ. घरात फोनची लाइन एकच. हॉलमध्ये बाबांच्या खुर्चीजवळ फोन, आतल्या खोलीत मी. मी बोलत असताना कुणी रिसीव्हर उचलला की माझं बोलणं तुटतं.

आणि माझं बोलणं तुटायला लागलं.

"बाबा, फोन उचललात का?"

"नाही गं."

परत लावला, परत तुटला. "बाबा, आता?"

"मी पेपर वाचतोय. पेपरला रिसीव्हर नसतो."

हे चाललं आठवडाभर. ती इथून ओरडणार, ते तिथून चिडणार. शेवटी काल ती बोलून गेली, "सवय जात नाही हो माणसाची. आयुष्यभर लोकांचं ऐकलंत ना." बाबा चष्मा काढून पुसत बसले. पुसून झाला तरी पुसत बसले.

मला मात्र संशय दुसऱ्याचाच. माउसचा. माझ्याच पेटीला जोडलेला, गुळगुळीत, सदा सूनबाईच्या तळहाताखाली. फोन लागत असताना तिला एक सवय आहे. जिवाची घालमेल होते, मग ती माउस गोल गोल फिरवत राहते. काही काम नसतं, नुसता बाण स्क्रीनवर गरागरा. आणि बाण फिरला रे फिरला की माझी वाचा बंद. मी त्याला विचारलंसुद्धा, "तू माझ्यावर डूख धरून आहेस का?" तर तो म्हणतो, "मीच तुला विचारणार होतो. तू बोलायला लागलास की मी गारठतो."

आज सकाळी कहर झाला. काम देणाऱ्या कंपनीकडून निरोप होता, आज काम आलं नाही तर दुसऱ्याला देऊ. सूनबाईने मजकूर तयार ठेवला, एन्टर दाबलं, आणि धावत हॉलमध्ये जाऊन दोन्ही हातांनी फोन दाबून धरला. दार उघडं, मला सगळं ऐकू येत होतं.

"मीपण धरू का एका बाजूने?" बाबा म्हणाले.

"तुम्ही नुसते बसा."

आणि इकडे माउस निपचित. त्याला हात लावायला कुणी नाही. माझी लाइन अशी स्वच्छ, की विचारू नकोस. तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबा नाहीत, माझा घसा नाही, तिच्या हाताची चाळवाचाळव. पण आता मी नीट बोललो, तर बाबा कायमचे गुन्हेगार. मुद्दाम खोकून लाइन तोडली असती तर फोन तिच्याच हाताखाली असताना तुटला असता, आणि बाबा सुटले असते. पण तिचं काम गेलं असतं.

मी बोललो. शेवटच्या अक्षरापर्यंत पोचवलं.

ती आत आली, स्क्रीन बघितला, परत बाहेर गेली. "बघा. कुणी उचलला नाही की काम नीट जातं."

बाबा उठले. कपाटाचं दार वाजलं, पिशवीची चेन वाजली. मग आतल्या खोलीच्या दारात आले. "माझ्या ताईकडे जातो काही दिवस. तिला कळवायचं होतं. फोन उचलायची परवानगी आहे का?"

"थांबा, उत्तर आलंय का बघते," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. फोन लावला. हात माउसवर. बाण गरागरा.

तुटला.

ती ताडकन वळली. बाबा समोर उभे. एका हातात पिशवी, दुसऱ्यात छत्री.

ती किती वेळ त्या दोन हातांकडे बघत राहिली. मग स्वतःच्या हाताकडे. परत फोन लावला, हात मांडीखाली घालून बसली. चालू राहिला. हळूच एका बोटाने माउस हलवला. फोन तुटला. मग ती सेटिंगमध्ये शिरली. तिथे काय दिसलं सांगू? आत प्रोसेसर बसतो, आमचा साहेब. त्याला काही सांगायचं तर घंटी वाजवायची. माउस पहिल्या पोर्टवर, म्हणजे दारावर, मी तिसऱ्यावर, म्हणून वरवर सगळं आलबेल. पण दोघांना घंटी एकच, चार नंबरची. एकाने वाजवली की साहेब दुसऱ्याकडे बघणार. ट्रॅव्हल ऑफिसातही हेच झालं असणार, आणि त्या दुकानदाराला कितपत ठाऊक होतं, मी अजून विचार करतोय.

तिने पेटी उघडली, माझी घंटी ठरवणारी पाठीवरची ती टोपी उपटली, शेजारच्या पिनांवर बसवली. पाच नंबर. मी बोलतोय, माउस फिरतोय, कुणी कुणाला आडवं येत नाही. मात्र त्या पाच नंबरवर हक्क सांगणारा प्रिंटर माझ्याकडे जरा रोखून बघतोय, तो वेगळा विषय.

"बाबा, माउसला आणि मोडेमला एकच घंटी होती, ती बदलली. पिशवी आत ठेवते," ती म्हणाली. आवाज एकदम बारीक.

"हात लावू नकोस."

"चुकलं माझं."

"ते कळलं मला. तुझ्या यंत्राला नवीन घंटी मिळाली. माझं काय?"

चहा झालाय. बाबा हॉलमध्ये बसलेत, फोनपासून सगळ्यात लांबच्या खुर्चीत. पिशवी दाराशी, चेन लावलेली. मघाशी फोन वाजला. नुसता वाजत राहिला. ते उचलेनात, आणि "उचला ना बाबा" म्हणायची हिची छाती होईना.

मला राहून राहून वाटतं, सकाळी एकदा खोकलो असतो तर. तूच सांग, माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस?