गेल्या वर्षीचा कोश

"आई, तू नापास झालीयेस का गं?"

शाळेच्या बसमध्ये मैत्रिणींनी ब्रिटाला डिवचलं होतं, 'हिंमत असेल तर विचारच!' आणि ब्रिटाने घरात पाऊल टाकताच, बुटांवरचा बर्फसुद्धा न झटकता, विचारून टाकलं. त्यांच्यातल्या शेल्बीचं म्हणणं असं, की पन्नाशीला आलेली बाई रोज संध्याकाळी अभ्यासाला बसते म्हणजे कुठेतरी दांडी गुल झालेली असणारच.

ब्रिटाची आई लोर्ना पेस्टीसाठी, म्हणजे सारण भरून भट्टीत भाजायच्या मोठ्या करंज्यांसाठी, कणीक मळत होती. ती हसली. "नापास नाही गं बाई. पास झालेय, म्हणून तर शिकावं लागतंय."

"हे काय उत्तर झालं?"

ते उत्तर मला मात्र लगेच कळलं. कारण मित्रांनो, मी एक जुना कोश आहे. जुना म्हणजे फक्त गेल्या वर्षीचा, पण आमच्या कुळात म्हातारं व्हायला तेवढं पुरतं!

डॉक्टर लिहितात, 'सायकलवरून पडून डावा हात मोडला.' त्या दुखण्याचा नेमका कोड, म्हणजे ठरलेला सांकेतिक क्रमांक, शोधून कागदावर चढवायचा, हे लोर्नाचं दवाखान्यातलं काम. कोड चुकला तर विमा कंपनी हात वर करते आणि बिचाऱ्या रुग्णाची धावपळ होते. ते सगळे कोड माझ्या पोटात. ताप, खोकला, हाडं, काळीज तर आहेतच, पण बदकाची धडक बसली तर त्यालाही कोड आहे! खोटं नाही सांगत. ब्रिटाने ते पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती खुर्चीतून पडता पडता वाचली. (पडली असती तरी कोड होताच.)

मी छापखान्यातून निघालो तेव्हा माझी पानं कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होती. लोर्नाने माझ्या कडेला रंगीत पट्ट्या चिकटवल्या, फुप्फुसांना निळ्या, हाडांना पिवळ्या. ब्रिटाने मला किराण्याच्या खाकी पिशवीचं कव्हर घातलं. काय रुबाब होता माझा! त्याआधी दोन वर्षं लोर्ना घरीच होती. गोदीवर काम करताना ब्रिटाच्या बाबांची, वेसची, कंबर मोडली आणि तिने नोकरी सोडून त्यांचं सगळं केलं. पुन्हा कामावर रुजू झाली तेव्हाचा तिचा पहिला कोश मी. पहिल्या दिवशी तिने मला दिवसभर घट्ट धरून ठेवलं होतं. अजून आठवतं मला. संध्याकाळी घरी येऊन ती वेसला म्हणाली होती, "हा नसता तर माझं काही खरं नव्हतं."

पण ऑक्टोबर उजाडतो आणि आमची सद्दी संपते. काही कोड रद्द होतात, काहींचे तुकडे पडतात, नवे जन्माला येतात. ते शिकल्याचे तास लोर्नाला दाखवावे लागतात, नाहीतर तिचं प्रमाणपत्र जातं. नवा कोश आला. ब्रिटाने त्यालाही खाकी कव्हर चढवलं. मी गेलो लॅपटॉपखाली, कारण ऑनलाइन वर्गात लोर्नाचा चेहरा नीट दिसायला उंची हवी होती. वाईट वाटलं, पण तिचं शिकणं तर कानावर पडत होतं.

आणि एक दिवस डोरीनबाईंचा फोन आला. गावातल्या कोडवाल्यांचा गट त्या चालवतात. "लोर्ना, शनिवारी नवे बदल तू शिकव सगळ्यांना." लोर्ना हो म्हणाली खरी, पण रात्रंदिवस तिच्या मनात एकच घोर. दोन वर्षं घरी बसलेलं डोकं आता चालेल का?

म्हणूनच, आई नापास झाली का असं विचारलं त्या दिवशी, हे सगळं ऐकून ब्रिटा म्हणाली, "चल, मी तुझी परीक्षा घेते!" आणि घाईघाईत तिने लॅपटॉपखालून मलाच ओढलं.

मित्रांनो, मला ओरडावंसं वाटलं. पण कोशाला तोंड कुठे!

ब्रिटाने मनगटाचं एक दुखणं वाचलं. लोर्ना मळता मळता म्हणाली, "त्याचे आता दोन कोड झालेत. कुठला हात ते सांगावं लागतं."

"चूक! इथे एकच आहे."

दुसरं विचारलं. "तो रद्द झाला ना?"

"छे! हा काय, चांगला जिवंत आहे."

तिसऱ्यालाही "चूक!" आलं, तेव्हा लोर्नाचे हात कणकेतच थांबले. "बरं," एवढंच ती म्हणाली. मग पिठाळ हातांनीच तिने फोन उचलला. "डोरीन, शनिवारचं दुसऱ्या कुणाला तरी सांगशील का? माझ्याच्याने नाही होणार."

ब्रिटाचा चेहरा पडला. मला मिटता मिटता तिचं लक्ष पहिल्या पानावरच्या वर्षाकडे गेलं.

"आई! फोन ठेव! नको, ठेवू नको! हा गेल्या वर्षीचा आहे! तू बरोबर होतीस, तिन्ही बरोबर!"

फोनमधून डोरीनबाई ओरडल्या, "काय झालं गं? आग लागली का?"

लोर्ना रडत होती की हसत होती, पिठामुळे कळेना. काठी टेकत वेस आत आले. "माझ्या एका कंबरेला हिने सतरा कोड लावले. आता सराव कमी पडतोय म्हणते? आता दुसरं काही मोडून घेऊ का?"

"गप बसा हो," लोर्ना म्हणाली आणि नाक पुसून फोनमध्ये बोलली, "डोरीन, मीच येतेय."

फोन ठेवल्यावर मात्र ती स्टुलावर बसलीच. "पण बाई, एवढ्या जणांसमोर घसाच बसला तर?"

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं जुनं कुणी असेल तर त्याला जपा, पण त्याच्यावर विसंबण्याआधी त्याचं वर्ष बघा. आणि मोठं माणूस पुन्हा अभ्यासाला बसलं तर त्याला हसू नका, टीव्हीचा आवाज तेवढा कमी करा. त्याला फार धीर लागतो. तो धीर मी जवळून पाहिलाय.

ब्रिटाने मला अलगद टेबलावर ठेवलं, कंबरेवर हात ठेवले आणि जाहीर केलं,

"आई, बाबा, नीट ऐका. शनिवारी मी हॉकीच्या सामन्याला जाणार नाहीये. शेल्बीला काय वाटायचं ते वाटू दे. मी आईच्या वर्गाला जाणार, पहिल्या रांगेत बसणार, आणि पाण्याची बाटली माझ्या हातात असणार!"